नीळ, मंजिष्ठा आणि महाळुंग
(इराणी गालिच्याचे रंग आणि नक्षी)

बागेवरून जसा बगीचा, तसा 'काली'वरून गालिचा. फारसीत 'काली' म्हणजे मोठे गाठींचे आस्तरण आणि 'कालिचे' म्हणजे त्याचे धाकटे रूप. दक्षिणेत बहमनी राज्य स्थापन झाल्यापासून पुढे काही शतके दरबारची भाषा फारसी होती. त्या काळात आपल्या बोलण्यात जे शेकडो शब्द येऊन बसले त्यांतलाच हा एक. शिवकाळी 'राज्यव्यवहारकोश' रचून कारभारातले फारसी शब्द बाजूला सारण्याचा यत्न झाला, तरी घरातले शब्द हलले नाहीत आणि रंगांची नावे तर मुळीच हलली नाहीत. गुलाबी, अस्मानी, बदामी, अंजिरी, किरमिजी हे शब्द पातळाच्या दुकानात उच्चारताना आपण फारसी बोलतो आहोत हे कुणाच्या ध्यानीमनीही नसते. यांतला किरमिजी तर दुहेरी नात्याचा आहे. फारसीत 'किर्म' म्हणजे किडा. किड्यापासून निघणारा तो किरमिजी. आणि हा 'किर्म' आपल्या संस्कृत 'कृमी'चा सख्खा भाऊ. म्हणजे जो शब्द आपण परका म्हणून घेतला तो मुळात आपल्याच गोतातला निघाला.

इराणी गालिच्याविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते त्यात बहुधा नक्षीचे 'अर्थ' सांगितलेले असतात. सुरूचे झाड म्हणजे अमरत्व, डाळिंब म्हणजे संतती, मोर म्हणजे राजवैभव, अशी एक यादीच तयार असते. व्यापाऱ्यालाही ती पाठ असते, कारण अर्थ सांगितला की किंमत सांगणे सोपे जाते. या यादीत सर्वच खोटे आहे असे नाही. पण गालिचा जाणून घ्यायचा असेल तर यादीपासून आरंभ करू नये, रंगाऱ्याच्या कढईपासून करावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कढईत पहिले स्थान तांबड्याचे. फारसीत ज्याला 'रुनास' म्हणतात ती वनस्पती म्हणजे आपल्या मंजिष्ठेची सख्खी बहीण. रंग मिळतो तो तिच्या मुळांतून, आणि तोही झाड तीनेक वर्षांचे झाल्यावर. मुळे वाळवून कुटतात. लोकर आधी तुरटीच्या पाण्यात उकळून घेतात, कारण तुरटीवाचून रंग लोकरीला धरत नाही. मग ती मंजिष्ठेच्या पाण्यात मंद आचेवर ठेवतात. आच वाढली की लाल जाऊन तपकिरी येतो. एकाच मुळीतून विटकरी, गुलाबी, केशरट, जर्द लाल असे कितीतरी रंग निघतात. पाणी कोणत्या गावचे, तुरटी किती आणि लोकर कढईत किती वेळ राहिली, यावर ते ठरते. लोखंडाचा अंश मिसळला तर तोच रंग जांभळटाकडे झुकतो. पश्चिम इराणात सुलतानाबादच्या, म्हणजे आजच्या अराकच्या, परिसरात मंजिष्ठेबरोबर आंबट ताक वापरून एक मऊ गुलाबी रंग काढीत. त्याला 'दूघी' म्हणतात. दूघ म्हणजे ताक. आपले दूध आणि त्यांचे दूघ एकाच धातूतून आलेले आहेत, हे वेगळे सांगायला नकोच.

किड्यांपासून मिळणारा लाल याहून थंड, किंचित निळसर झाकेचा असतो. केरमान आणि मशहद येथील गालिच्यांत तो विशेष दिसतो. जुन्या काळी या कामी हिंदुस्थानातून गेलेली लाखही वापरली जाई, पुढे अमेरिकेतला कोचिनीलचा किडा आला. विटकरी उबदार लाल दिसला तर मंजिष्ठा आणि गुलबाक्षीकडे झुकणारा दिसला तर किडा, एवढी खूणगाठ बांधली तरी निम्मे काम होते.

निळा रंग म्हणजे नीळ. या बाबतीत इराण आपला ऋणाईत आहे. सतराव्या शतकात आग्र्याजवळच्या बयान्याची आणि अहमदाबादजवळच्या सरखेजची नीळ इराणात आणि युरोपात जात असे. निळीचे वैशिष्ट्य असे की ती पाण्यात विरघळत नाही. तिला आंबवून तिचे रूप पालटावे लागते. त्या आंबलेल्या कुंडातून लोकर बाहेर काढली की ती निळी नसतेच, पिवळट हिरवी असते. हवा लागू लागते आणि पाहता पाहता तिच्यावर निळेपणा चढतो. एकदा बुडवली तर अस्मानी, पुन्हा पुन्हा बुडवली तर मध्यरात्रीच्या आकाशासारखा गर्द निळा. निळीच्या कुंडाची प्रकृती सांभाळणारा रंगारी वैद्यासारखा मानला जाई. कुंड बिघडले की आठवड्याचे काम वाया.

पिवळ्यासाठी 'इस्परक' नावाची रानफुले, द्राक्षवेलीची पाने, डाळिंबाची साल. केशराने रंगवलेला गालिचा म्हणून कुणी काही सांगू लागला तर त्यावर विश्वास ठेवताना सावध असावे. केशराचा भाव पाहता ते पुलावात घालणेच इराणी माणसाला अधिक शहाणपणाचे वाटणार. हिरवा रंग स्वतंत्र नसतो. पिवळ्यावर निळीचा हात किंवा निळीवर पिवळ्याचा, असे दोनदा रंगवावे लागते. पुष्कळदा काळाच्या ओघात पिवळा उडतो आणि निळा उरतो. म्हणूनच काही जुन्या गालिच्यांतली पाने निळी दिसतात. विणणारीने ती निळी विणलेली नव्हती.

काळ्याची कथा सर्वांत चमत्कारिक. मायफळासारख्या तुरट फळांत लोहाचा अंश मिसळून काळा आणि गडद तपकिरी काढीत. हे लोहच पुढे लोकर खाऊ लागते. शेदोनशे वर्षांच्या गालिच्यावरून हात फिरवा. काळ्या रेषा झिजून खाली गेलेल्या आणि इतर रंग वर उभे राहिलेले लागतात, जणू नक्षी कोरून काढली आहे. नवख्याला ती मुद्दाम केलेली कलाकुसर वाटते. वस्तुतः ती रंगाची करणी आहे. गालिच्याचे वय ओळखण्याच्या खुणांत जाणकार ही खूण आवर्जून पाहतात.

आणखी एक गोष्ट. एकाच निळ्या पृष्ठभागावर मध्येच फिक्या-गडद रंगाचे आडवे पट्टे दिसतात. लोकरीचे एक रंगवणे संपले, दुसरे आणले आणि दोहोंत केसभर फरक पडला, एवढेच त्याचे कारण. यास 'अब्रश' म्हणतात. ठिपकेदार अंगाच्या घोड्यालाही हाच शब्द आहे. भटक्या जमातींच्या गालिच्यांत हा अब्रश हमखास सापडतो, कारण त्यांच्याजवळची भांडी लहान आणि मुक्काम रोज निराळा. गिऱ्हाईक त्याला दोष समजते. पण मोठ्या एकरंगी पटाला जिवंतपणा येतो तो बव्हंशी यामुळेच, आणि आजकाल यंत्रावर काढलेल्या गालिच्यांतही हा 'दोष' मुद्दाम नकलून घालतात, हा त्याला मिळालेला मानच म्हणायचा!

या रंगविद्येवर १८५६ साली कुऱ्हाड पडली. त्या वर्षी विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज विद्यार्थ्याला डांबरापासून जांभळा रंग सापडला. पाठोपाठ डांबरी रंगांची रांगच लागली. १८६८ मध्ये मंजिष्ठेतला मुख्य रंगद्रव्यांश जर्मन रसायनज्ञांनी प्रयोगशाळेत तयार केला आणि १८९७ पासून कारखान्यातली नीळ बाजारात आली. बिहार-बंगालच्या निळीच्या शेतीचे काय झाले ते आपण जाणतोच. इराणात निराळाच अनर्थ झाला. स्वस्त पुड्या खेडोपाडी पोहोचल्या. चिमूटभर पुडी, गरम पाणी, आणि तासाभरात झगझगीत लाल. ज्या कामाला दोन-तीन दिवस आणि बापाकडून मुलाकडे आलेले ज्ञान लागे ते आता कुणालाही करता येऊ लागले. पण त्या आरंभीच्या डांबरी रंगांना टिकाव नव्हता. उन्हात ते विटत आणि पाणी लागले की शेजारच्या पांढऱ्यात उतरत. इराणी गालिच्याचे नाव बाजारात बद्दू होऊ लागले. नासिरुद्दीन शाहाच्या अमदानीत आणि त्यानंतरही या रंगांच्या आयातीवर बंदीचे हुकूम निघाले. हुकूम निघाले म्हणून चोरटा माल थांबला असे झाले नाही, परंतु एका राजसत्तेने रंग बिघडतो म्हणून कायदा करावा, हे इतिहासात फारसे घडलेले नाही.

विसाव्या शतकातले क्रोम रंग पुष्कळ पक्के आहेत, ते उतरत नाहीत आणि सहसा विटतही नाहीत. त्यांच्याविरुद्ध तक्रार करायची ती एवढीच की ते वयाबरोबर बदलतच नाहीत. मंजिष्ठेचा लाल पन्नास वर्षांनी निवतो, शेजारच्या निळ्याशी त्याचे जुळते. क्रोमचा लाल पहिल्या दिवशी जितका ओरडत होता तितकाच पन्नासाव्या वर्षीही ओरडत असतो. १९८१ मध्ये तुर्कस्तानात वनस्पतिरंगांचे पुनरुज्जीवन करणारा एक उपक्रम सुरू झाला. इराणातही, विशेषतः फार्स प्रांतात, काही विणकर आणि व्यापारी पुन्हा कढईकडे वळले.

आता नक्षीकडे वळू. आपल्याकडे लुगड्याचे जसे अंग आणि काठ, तसे गालिच्याचे दोन भाग. इराणी लोक मधल्या भागाला 'मत्न' म्हणतात आणि काठाला 'हाशिये'. हे दोन्ही शब्द पुस्तकाच्या पानाचे आहेत. मत्न म्हणजे ग्रंथातला मूळ मजकूर आणि हाशिये म्हणजे समास. ही केवळ शब्दांची गंमत नाही. सोळाव्या शतकात सफवी राजांच्या दरबारी पोथ्यांची पाने रंगवणारे जे चित्रकार होते त्यांच्याच हातच्या आराखड्यांनी गालिच्याला नवे वळण दिले. मधोमध मोठे पदक आणि चार कोपऱ्यांत त्याचे चतकोर ही जी सुप्रसिद्ध मांडणी, ती पोथीच्या चामडी बांधणीवर जशीच्या तशी आढळते. या पदकाला म्हणतात 'तुरंज', म्हणजे आपले महाळुंग. कोपऱ्यांना 'लचक', म्हणजे तिकोनी रुमाल. मधोमध महाळुंग आणि चार कोपऱ्यांत रुमाल, असे नाव ठेवणारी माणसे अमरत्वाचा विचार करीत असतील असे वाटत नाही. ती डोळ्यांसमोरच्या वस्तूंचा विचार करीत होती.

वेलींचेही तसेच. एका गुंडाळलेल्या वेलीला 'इस्लिमी' म्हणतात, दुसरीला 'खताई'. खता म्हणजे चीन. मंगोलांच्या स्वाऱ्यांनंतर चिनी रेशमावरची कमळे आणि ढग इराणी कारागिरांच्या हाती आले आणि त्यांच्या हातून ती इतकी पालटली की आता ती कमळे आहेत असे सांगावे लागते. शाह अब्बासाच्या नावाने ओळखले जाणारे मोठे पसरट फूल याच कुळातले. हा बादशहा १५८८ ते १६२९ या काळात राज्य करीत होता. फूल त्याच्याआधीचे आहे, पण नाव त्याचे लागले. मोठ्यांचे असेच असते.

'हेराती' नावाची नक्षी आपण सर्वांनी कधी ना कधी पाहिलेली आहे. चौकटीसारखा शंकरपाळा, त्यात एक फूल आणि चार बाजूंना चार लांबट वाकडी पाने. इराणात हिला 'माही' असेही म्हणतात. माही म्हणजे मासा, आपला मत्स्यच. पाने आहेत की मासे, यावर विद्वानांचा वाद चालतो. विणणाऱ्या बायकांचा चालत नाही.

आणि कोयरी! आपल्या शालूंवर, शालींवर आणि रांगोळीतही जिला आपण कोयरी म्हणून ओळखतो तिचे इराणी नाव 'बोते', म्हणजे झुडूप. ती वाऱ्याने वाकलेला सुरू आहे, अग्निपूजकांची ज्योत आहे, खजुराची पालवी आहे, असे नाना तर्क पंडितांनी केले आहेत. कुठल्याही तर्काला पक्का आधार अद्याप मिळालेला नाही. आपल्या आज्यांनी तिच्यात आंबा पाहिला, इराणी बाईने झुडूप पाहिले. ज्याच्या अंगणात जे, ते त्याने पाहिले. याच पंक्तीत आणखी एक लाडकी कथा बसते : परिपूर्ण फक्त परमेश्वर, म्हणून विणकर गालिच्यात जाणूनबुजून एक चूक ठेवतो. कथा सुंदर आहे. परंतु ज्याने मागावर अर्धा दिवस बसून पाहिले आहे त्याला चूक मुद्दाम करावी लागते हे पटणे कठीण.

नक्षी गोलाईची की कोनाची, हे ठरते कशावर? श्रद्धेवर नव्हे, गाठींवर. इराणात दोन प्रकारच्या गाठी चालतात, एक तुर्की बाफ आणि दुसरी फारसी बाफ. दुसरीला युरोपात 'सेन्ना' गाठ म्हणतात, आणि गंमत अशी की ज्या सेन्ना गावावरून, म्हणजे आजच्या सनंदजवरून, हे नाव पडले तिथले विणकर तुर्की गाठच मारतात. गाठी जितक्या बारीक तितकी रेषा वळवता येते. काशान, केरमान, इस्फहान अशा शहरांत चौकटीच्या कागदावर आराखडा काढून त्याबरहुकूम विणतात. काही ठिकाणी एक जण आराखडा सुरात वाचतो आणि बाकीचे गाठी मारतात. खेड्यातली बाई मात्र बहुधा आठवणीने विणते, किंवा आईने विणलेला नमुन्याचा तुकडा समोर ठेवून. वायव्येकडच्या हेरीझ भागात शहरी गोलाईचे तुरंज खेडुतांच्या हातून असे टोकदार, कोनाकोनांचे झाले की आज तीच त्याची शान समजली जाते.

या हातांविषयी दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. चांगली विणकरीण दिवसाला आठदहा हजार गाठी मारते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अर्दबीलचा जो विख्यात गालिचा आहे त्यात अडीच कोटींहून अधिक गाठी आहेत. म्हणजे एकटीला तो करायचा तर एकही सुट्टी न घेता सात-आठ वर्षे. गालिच्याच्या एका टोकाला मकसूद काशानी हे नाव आणि हिजरी ९४६, म्हणजे इसवी सन १५३९-४० हे वर्ष विणलेले आहे. हा मकसूद बहुधा कामाचा प्रमुख असावा. गाठी मारणाऱ्यांपैकी एकाचेही नाव नाही. बारीक गाठीला लहान बोटे बरी म्हणून पोरांना मागावर बसवण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्या चालली, हेही विसरता येणार नाही. आणि त्या अवाढव्य, सुमारे साडेदहा मीटर लांबीच्या गालिच्यात रंग किती आहेत? फक्त दहा. विल्यम मॉरिस या कलावंताने भरीस घातल्यावरून १८९३ मध्ये दोन हजार पौंडांना तो विकत घेण्यात आला. त्याचा जोडीदार आज लॉस एंजेलिसला आहे. त्याला काठ नाही, कारण लंडनच्या गालिच्याच्या दुरुस्तीसाठी त्याचे तुकडे वापरले गेले.

अर्थाच्या यादीतली एक गोष्ट मात्र निःसंशय खरी आहे, ती म्हणजे बाग. इराणच्या पठारावर पाऊस थोडा. डोंगरातून जमिनीखालच्या बोगद्यांनी पाणी आणून जिथे चार झाडे जगवली तिथे माणसाने भिंत घातली आणि तिला स्वर्ग मानले. युरोपातल्या भाषांतला स्वर्गवाचक शब्द याच भिंतीच्या आवाराच्या जुन्या इराणी नावावरून आला. इ. स. ६३७ मध्ये अरबांनी तेसिफोन ही ससानी राजधानी घेतली तेव्हा त्यांच्या हाती राजवाड्यातला एक प्रचंड 'वसंत' गालिचा लागला, त्यात रत्नांची फुले आणि सोन्याची जमीन होती, आणि तो कापून वाटून घेण्यात आला, असे अरब इतिहासकार सांगतात. हिवाळ्यात बागा ओस पडल्या की राजा त्यावर बसे.

तो गेला, पण बागेचा एक अस्सल जुना गालिचा पाहण्यासाठी इराणला जाण्याचे कारण नाही. जयपूरच्या अल्बर्ट हॉल संग्रहालयात तो आहे. केरमानकडे विणलेला असावा असा हा गालिचा अंबरच्या राजवाड्यात होता आणि १६३२ सालच्या तिथल्या नोंदीत त्याचा उल्लेख आहे. ग्वाल्हेर-इंदूरकडच्या मंडळींना तर तो एका रात्रीच्या प्रवासावर. मधोमध मंडप, त्यातून चहूकडे निघालेले पाट, पाटांत मासे, बदके, कासवे, काठाकाठाने झाडे. वरून पाहिलेली बाग आणि समोरून पाहिलेली झाडे एकाच पटावर आहेत आणि डोळ्याला त्यात काही खटकत नाही. बडोदेकरांना मात्र आपल्या गालिच्यासाठी दूर जावे लागेल. खंडेराव गायकवाडांनी १८६५ च्या सुमारास बसऱ्याच्या लक्षावधी मोत्यांनी भरून घेतलेला तो गालिचा विणलेला नसून भरतकामाचा आहे, पण त्याच्या वेलबुट्टीत इराणी वळण स्पष्ट दिसते. २००९ मध्ये तो दोह्याच्या लिलावात गेला आणि आता कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयाची शोभा आहे.

खुद्द इराणातला धंदा आज मोठ्या अडचणीत आहे. १९९० नंतरच्या दशकात भरभराटीच्या वर्षी सुमारे दोन अब्ज डॉलरचा माल बाहेर गेला. २०१८ मध्ये अमेरिकेने निर्बंध पुन्हा लादले, सर्वांत मोठे गिऱ्हाईक गेले, आणि हा आकडा घसरत पाच कोटींच्या आसपास आला. खेड्यांतल्या मुली शिकून शहराकडे जाऊ लागल्या आहेत. ते चांगलेच आहे, आणि मागावर बसणारे हात त्यामुळे कमी होतात हेही तितकेच खरे आहे.

कुणाच्या दिवाणखान्यात, लिलावाच्या दुकानात किंवा एखाद्या जुन्या वाड्यात असा गालिचा पाहायला मिळाला तर आधी त्याचा कोपरा उलटा करावा. पाठीमागे नक्षी पुढच्याइतकीच स्पष्ट दिसली तर गाठी हाताच्या असण्याचा संभव बराच. मग लोकरीचे केस बोटांनी दुभंगून मुळाशी पाहावे. वर फिका आणि मुळाशी भडक गुलाबी किंवा जांभळा असेल तर पुडीचा रंग. वरपासून मुळापर्यंत हळूहळू गडद होत गेला असेल तर धीर धरावा आणि पुढे पाहावे. पांढरा रुमाल ओला करून लाल भागावर हलकेच दाबावा. रुमालावर डाग उमटला तर मालकाला त्या वेळी काही बोलू नये. शेवटी हात फिरवून काळ्या रेषा खाली गेल्या आहेत का ते पाहावे. तुरंज, लचक, कोयरी यांचे अर्थ मालक आपण होऊन सांगेलच.